गाणं चालतं, मग बोललेलं का चालत नाही?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र होतं, की आजकालच्या गायक गायिकांनी गायचं सोडून सगळ्या विषयात तोंड घालायचं चालू केलंय, लोक त्यांना गाण्यासाठी ओळखतात तर त्यांनी गावं आणि गप बसावं. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. पण त्याच्या आदल्या रविवारी तुमच्या पुरवणीत गायिका चिन्मयी श्रीपादावर चार ओळी आल्या होत्या, "पुन्हा वादात" असं हेडिंग देऊन, त्यामुळं काकांचा नेम कुणावर आहे हे कळायला काय लई डोकं लागत नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापून छापलं तरी चालेल पण मधलं कापू नका.

मी पूर्व भागात राहते, शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर असते. घरात तेलुगू, शाळा मराठी, कामावर दोन्ही अधिक हिंदी अधिक थोडं कन्नड, सोलापुरात हे काय नवीन सांगायला नको. आमच्याकडं एका कोपऱ्यात ब्लूटूथ स्पीकर असतो आणि ज्याचा मोबाईल जोडलेला असेल त्याचं राज्य. झिंगाट लागलं की सगळ्यांचे पाय पॅडलवर जोरात पडतात म्हणून ते गाणं मालकांना पण आवडतं असा माझा संशय आहे. पण त्याच पिक्चरमधलं "सैराट झालं जी" लागलं की बायका बोलायच्या बंद होतात. आता विचारा कुणाला, ह्यात बाईचा आवाज कुणाचा? दहातल्या नऊ जणी सांगतील श्रेया घोषाल. श्रेयाचं गाणं त्या पिक्चरमध्ये आहे पण ते वेगळं, "आताच बया का बावरलं". "सैराट झालं जी" मध्ये अजय गोगावलेंच्या सोबत आहे ती चिन्मयी. चेन्नईची बाई, घरची भाषा तमिळ, आणि गातीय कशात तर आपल्या करमाळ्याकडच्या बोलीत.

मला ह्याचं लई कौतुक वाटतं ओ. आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे पिक्चर काढतो, २०१६ ला अख्खा महाराष्ट्र त्याच्या मागं येडा होतो, आणि आर्चीच्या मनात काय चाललंय ते आपल्याला ऐकू येतं एका तमिळ बाईच्या गळ्यातून. अजयचा आवाज मोकळा, रानात हाक मारल्यासारखा, आणि तिचा बारीक पण चिरका नाही, सुराला ती लगेच हात लावत नाही, थोडी खालून येते आणि मग तिथं थांबते. मराठीतला ळ तिच्या तोंडात एकदम सरळ पडतो. हिंदीतल्या भल्या भल्यांना जमत नाही तो, ल नाहीतर ड करून टाकतात. तिला जमतो कारण तमिळमध्ये तो आहेच, आमच्या तेलुगूत पण आहे.

आणि हे काय तिचं पहिलं वहिलं गाणं नव्हतं. २००२ ला मणिरत्नमचा "कन्नत्तिल मुत्तमिट्टाल" आला, संगीत रहमानचं, त्यात दत्तक घेतलेल्या पोरीसाठी आई जे गाणं म्हणते ते हिनं गायलं तेव्हा हिचं वय सतरा. सतरा! आईच्या मायेचं गाणं सतरा वर्षाच्या पोरीनं गायलंय हे गाणं ऐकून कुणाला कळणार नाही. मग २००७ ला हिंदीत "गुरू" मधलं "तेरे बिना" रहमानसोबत, पुढं शाहरुखच्या चेन्नई एक्सप्रेस मधलं "तितली". म्हणजे काका, तुम्ही पण तिला ऐकलेलं आहे, नाव माहिती नसेल एवढंच.

पण मला तिचं वेड लागलं ते गाण्यामुळं नाही, डबिंगमुळं. हे मराठी लोकांना फारसं माहिती नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. तेलुगू पिक्चरमध्ये समंथा नावाची हिरोईन बोलते ना, तो आवाज वर्षानुवर्षं समंथाचा नव्हताच, तो चिन्मयीचा होता, २०१० च्या "ये माया चेसावे" पासून. आमच्या गल्लीतल्या पोरी त्या पिक्चरमधले डायलॉग जसेच्या तसे म्हणायच्या, तो थोडा नाकातला, थोडा दमल्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न करायच्या, आणि आम्हाला वाटायचं आपण समंथाची नक्कल करतोय. तमिळमध्ये "९६" नावाचा पिक्चर आला २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, शाळेतले दोघं बावीस वर्षांनी गेट टुगेदरला भेटतात असा. त्यात हिरोईन त्रिशाला आवाज हिचा आणि ती जी गाणी गुणगुणते ते गळे पण हिचे. मी सबटायटल लावून बघितला, तमिळ मला निम्मं कळतं निम्मं नाही. शेवटी शेवटी ती वाद्य बिद्य काही नसताना नुसती गाते, तिथं मी रडले, कारखान्यातल्या सगळ्यांना ते माहितीय.

म्हणजे ह्या बाईचं काम काय बघा. पडद्यावर चेहरा दुसरीचा, कपडे दुसरीचे, टाळ्या दुसरीला, आणि आतून बोलणारी ही. तोपर्यंत कुणाला काय त्रास नव्हता. सगळे म्हणत होते काय गोड आवाज आहे. ९६ थेटरात लागून काही दिवसच झाले होते आणि ह्या बाईनं दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यामागून नाही तर स्वतःच्या नावानं तोंड उघडलं. मी टू चे दिवस होते ते, बायका आपल्याशी झालेल्या छळाबद्दल उघड बोलत होत्या. तमिळ पिक्चरमधल्या एका फार मोठ्या, फार मान असलेल्या गीतकारानं अनेक वर्षांपूर्वी आपल्याशी गैरवर्तन केलं असं तिनं जाहीर सांगितलं. त्यांनी ते नाकारलं, हे पण लिहिते, कारण खरं खोटं ठरवायला मी कोर्ट नाही. पण ती स्वतःपुरती बोलून थांबली नाही. ज्या बायकांना नाव द्यायची भीती वाटत होती त्यांचे मेसेज तिनं आपल्या नावानं, आपल्या जबाबदारीवर पुढं मांडले, त्यात कर्नाटक संगीतातल्या मोठमोठ्या लोकांबद्दलचे पण होते. चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीनं त्या वर्षीच्या डिसेंबरातल्या मैफलींच्या सीझनमधून सात कलाकारांची नावं काढून टाकली. ज्या जागेवर गायला मिळावं म्हणून लोक आयुष्यभर वाट बघतात तिथं असं झालं. ट्विटरवरच्या बडबडीनं काय होतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग काय झालं? नोव्हेंबरात तिथल्या डबिंग युनियननं तिला काढून टाकलं. युनियनचं म्हणणं दोन वर्षांची वर्गणी थकली, तिचं म्हणणं ही बोलल्याची शिक्षा. प्रकरण कोर्टात गेलं. पण वर्गणी थकल्याचं नेमकं तेव्हाच कसं काय आठवलं असा प्रश्न मला पडतो, तुम्हाला पडत नसेल तर सोडून द्या. नुकताच जिच्या आवाजावर अख्खा तामिळनाडू रडला होता तिला तमिळमध्ये डबिंग बंद, गाण्यांची कामं पण आटली. आणि ज्यांच्यावर आरोप होता त्यांची कामं चालूच राहिली. २०२१ ला केरळमधला एक मोठा साहित्य पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तेव्हा हिनं आणि केरळमधल्या बऱ्याच जणींनी आवाज केला, पुरस्कार देणाऱ्यांनी फेरविचार करतो म्हणलं आणि मग त्या गीतकारांनी स्वतःच तो नको म्हणून सांगितलं. हे सगळं तुमच्या पेपरात किती आलं? मला आठवत नाही. "पुन्हा वादात" मात्र आलं.

"तेव्हाच का नाही बोलली?" हा एक प्रश्न तर लोकांच्या तोंडात तयारच असतो. हा प्रश्न मी पेपरात वाचला, व्हॉट्सॲपवर वाचला आणि आमच्या कामावर प्रत्यक्ष ऐकला. मी आधी जिथं कामाला होते, नाव घेत नाही, तिथला एक सुपरवायझर माप बघायच्या निमित्तानं पोरींच्या अंगाला हात लावायचा. सगळ्यांना माहिती होतं. एक पोरगी बोलली, तर तिला पहिला प्रश्न हाच आला, इतके दिवस का गप होतीस, आणि विचारणाऱ्या निम्म्या बायकाच. तिनं काम सोडलं. तो तिथंच राहिला. त्या दिवसांत चिन्मयी टीव्हीवर एका तमिळ चॅनलला बोलत होती, हिशोब विचारल्यासारखे प्रश्न येत होते, लग्नाला त्या गीतकारांना का बोलावलं होतं वगैरे, आणि ती एकेकाला उत्तर देत होती, आवाज एकदा पण न चढवता. मी तो व्हिडिओ त्या पोरीला पाठवला. तिला तमिळ कळत नाही पण तिनं पूर्ण बघितला.

आता "तेव्हाच का नाही बोलली" ह्याचं उत्तर कायद्यातच बघा. कामाच्या ठिकाणच्या छळाचा कायदा आला २०१३ ला. त्यात तक्रार करायला मुदत तीन महिने, कारण दाखवलं तर आणखी तीन. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं आत तक्रार समिती करायची, त्यापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. चिन्मयी ज्या घटनेबद्दल बोलते ती त्या कायद्याच्या कितीतरी आधीची. आणि गाणारीचं ऑफिस कुठलं असतं हो? आज हा स्टुडिओ, उद्या तो देश, दर गाण्याला मालक वेगळा. कुठल्या समितीत जायचं तिनं? केरळ सरकारनं पिक्चरमधल्या बायकांच्या हालांवर २०१७ मध्ये हेमा समिती नेमली, समितीनं २०१९ च्या डिसेंबरात अहवाल दिला आणि तो लोकांसमोर आला २०२४ च्या ऑगस्टमध्ये. साडेचार वर्षापेक्षा जास्त सरकारच्या कपाटात पडून होता. सरकारनं नेमलेल्या न्यायमूर्तींच्या कागदाला बाहेर यायला एवढा वेळ लागतो आणि एकट्या पोरीला विचारायचं, लगेच का नाही बोललीस.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही, हे पण लिहिते, नाहीतर लोक म्हणतील फॅन आहे म्हणून आंधळी. २०१२ ला ट्विटरवर तिला फार घाण त्रास दिला गेला, तिनं चेन्नई पोलिसात तक्रार केली, अटका पण झाल्या, ते बरोबरच होतं. पण त्याच वादात आरक्षणाबद्दल तिनं जे लिहिलं होतं त्यावरून बरीच टीका झाली आणि ती टीका मला पटली. आमच्या घरातली पहिली पोरगी डिप्लोमाला लागली ती विशेष मागास प्रवर्गातून, त्यामुळं ह्या विषयात मी तिच्या बाजूनं नाही. पण ती चुकीचं बोलली असं वाटलं तर मी म्हणेन चुकीचं बोलली. तू गाणारी आहेस तर बोलूच नको असं कसं म्हणू? उद्या मला पण कुणी म्हणेल तू शिवणारी आहेस, पत्र कशाला लिहितेस.

काका सोलापूरचे आहेत म्हणून त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. अमर शेख आपल्याच बार्शीचे. गिरणीत काम केलेला माणूस, डफावर थाप टाकली की मैदान भरायचं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज गावोगाव फिरला. ते नुसते गात होते का? मालकांबद्दल, सरकारबद्दल, मजुरांबद्दल जे बोलायचं होतं तेच तर गात होते. त्यांना आपण लोकशाहीर म्हणतो, शाळेत पोरांना सांगतो. मग एक बाई आज तेच करते, फक्त गाणं वेगळं आणि बोलणं वेगळं ठेवून करते, तर ती "तोंड घालते"? मला वाटतं अडचण गायकानं बोलण्याची नाहीच. बाई बोलली की अडचण आहे, त्यात परत घरातलं, आतलं, ज्याच्याबद्दल बोलायचं नसतं ते बोलली की जास्त. आर्ची बुलेट चालवते आणि पोरांना दम देते तेव्हा आपण शिट्ट्या मारल्या, तिच्या डायलॉगची रिंगटोन ठेवली. पडद्यावर.

आमची एक भाची ऑर्केस्ट्रात गाते. गणपती, नवरात्र, हळदी, लग्नं, कधी गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसात एखादा प्रोग्राम. आवाज चांगला आहे, सैराट झालं जी तर तिला दर वेळी वन्स मोअर. माझी अक्का म्हणजे तिची आई तिला प्रत्येक वेळी घरातून निघताना एकच सांगते, गा पण कुणाशी जास्त बोलू नको. रात्री एक वाजता प्रोग्राम संपतो, पैसे देणारा म्हणतो थांब जरा, बाकीचे गेले की देतो. ती थांबत नाही. पैसे बुडाले तरी चालतील पण थांबायचं नाही हे तिनं स्वतः ठरवलंय, आणि एकदा पैसे बुडाले पण. ती पण चिन्मयीची फॅन आहे. मी तिला विचारलं होतं की गाणं आवडतं का बोलणं, तर म्हणाली मावशी, मला ती परत आली ते आवडतं.

परत आली ते असं. २०२३ ला "लिओ" ह्या तमिळ पिक्चरमध्ये त्रिशाला परत हिचाच आवाज, दिग्दर्शकानं युनियनची पर्वा न करता घेतलं. आणि २०२५ च्या मे मध्ये चेन्नईत कमल हासनच्या "ठग लाइफ" च्या गाण्यांचा कार्यक्रम होता. "मुत्त मळै" हे गाणं तमिळमध्ये धी नावाच्या गायिकेनं गायलंय, चिन्मयीनं हिंदी आणि तेलुगूत. धी त्या दिवशी नव्हती म्हणून स्टेजवर तमिळ गाणं हिला गायला लागलं. बदली कामगार म्हणून आली म्हणा की. तो व्हिडिओ बघा साहेब, यूट्यूबवर आहे, रहमान तिथंच आहेत. ती डोळे मिटून गाते, काही दाखवायला जात नाही, पहिल्या दोन ओळीतच लोकांना कळतं की एवढी वर्षं काय बाजूला ठेवलं होतं. एका रात्रीत सगळीकडं तेच. मग लोकांनी आपली सवय दाखवली, धी वाईट आणि चिन्मयी चांगली, अशी भांडणं लावायला सुरू. तर हिनं काय केलं? तुलना करू नका म्हणून सांगितलं, वयानं लहान असलेल्या धीचं तोंड भरून कौतुक केलं. स्वतःला एवढ्या वर्षांनी टाळ्या मिळत असताना दुसरीला खाली पाडून त्या वाढवून घ्यायचा मोह कुणालाही झाला असता. आपल्याकडच्या रिॲलिटी शोमधले जज बघा आणि मग हे बघा.

माझ्या तुमच्याकडं मागण्या दोनच आहेत. एक, तिच्यावर लिहायचं असेल तर "वादात" च्या पुढं ती नेमकं काय बोलली ते पण छापा, आणि कधीतरी नुसत्या गाण्यावर पण लिहा, सैराटला एवढी वर्षं झाली पण त्या आवाजाबद्दल तुमच्या पुरवणीत एक लेख मी वाचलेला नाही. दुसरं, आपल्या जिल्ह्याची ती स्थानिक समिती कुठं बसते, तक्रार कुणाकडं द्यायची, कोणता कागद लागतो, हे एका चौकटीत मराठीत छापा, जमलं तर तेलुगू आणि कन्नडमध्ये पण. विडी वळणाऱ्या बायका, शिवणकाम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, ऑर्केस्ट्रातल्या पोरी, ह्यातल्या कितीजणींना माहितीय असली समिती असते म्हणून? मला स्वतःला चिन्मयीच्या प्रकरणाबद्दल वाचता वाचता कळलं. रविवारच्या अंकात छापलं तर बरं, त्या दिवशी कारखान्याला सुट्टी असते आणि पेपर पूर्ण वाचला जातो. कात्रण आम्ही स्पीकरच्या वर भिंतीला चिकटवू.

नाव छापू नये ही विनंती, कामावर परत नको ते प्रश्न.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर